दोन-दहाचा हात

आमच्या सावली तालुक्यात बायांचे हात माझ्याइतके कोणी धरले नसतील, आणि तेही त्यांच्या नवऱ्यांच्या देखत, भर बाजारात. चाळीस वर्षं मी बांगड्या भरल्या. आता उजवा अंगठा इतका कुरकुरतो की मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही नुसतं बसून राहा. नुसता बसलेला माणूस दोनच कामं करतो, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो नाहीतर लिहायला घेतो. पहिल्या कामात जेवणाचे हाल होतात, म्हणून दुसरं घेतलं आहे.

लोकांना वाटतं, बांगडी हातात सरकवायची, त्यात काय एवढं. बांगडीचं माप म्हणजे तिच्या आतल्या पोकळीची रुंदी. इंचाचे सोळा भाग धरतात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार भाग, म्हणजे सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच. बहुतेक बाया दोन-चार ते दोन-आठमध्ये बसतात. बांगडी मिरवते मनगटावर, पण अडते पंजाशी. अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा उंचवटा असतो आणि चार बोटांच्या मुळाशी हाडांची रांग. मांस दबतं, हाड दबत नाही. माझ्या वडिलांनी मला धंदा शिकवला तो या एका वाक्यात, बाकी सगळा सराव.

हात धरला की मला बाईची निम्मी कुंडली कळायची. तेंदूपत्ता तोडणारीच्या बोटांना काळा डाग असतो, तो साबणानं जात नाही. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत दिवसभर चिखलपाण्यात राहून हात फुगतात आणि माप एका नंबरानं चढतं, म्हणून त्या दिवसांत मी बायांना परत पाठवायचो. नवरे मात्र कोणत्याही दिवसांत चुकतात. एक जण बायकोला चकित करायचं म्हणून चहाच्या पेल्याचं तोंड दोऱ्यानं मोजून आला आणि डझनभर बांगड्या घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याच्याच हाती त्या परत पाठवल्या, आणि निरोप असा की, भाऊले विचारा, पेला कोन्त्या हातात घालू?

आता धंद्याची तीन गुपितं सांगून टाकतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. पहिलं गुपित प्रश्नाचं. बांगडी बोटांच्या मुळाशी आली की बाई श्वास रोखते आणि हात लाकडासारखा करते. तेव्हा विचारायचं, "माहेर कोणतं, बाई?" माहेरचं नाव घेताना कोणत्याही बाईचा हात सैल पडतो, आणि तेवढ्यात बांगडी पार. दुसरं गुपित खोट्याचं. प्रत्येकीला म्हणायचं, हात किती लहान आहे हो तुमचा. आणि बांगडी अडली तर म्हणायचं, उतरेल, हात उतरेल, बाळंतपणाची सूज आहे, उन्हाळ्याची आहे, उतरेल. तिसरं गुपित नाही, रीत आहे, पण नव्या पिढीला सांगावी लागते. काच फुटली तर फुटली म्हणायचं नाही. बांगडी "वाढली" म्हणायचं. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून आपल्या लोकांनी मोडण्यालाच वाढण्याचं नाव देऊन ठेवलं.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत माझं दुकान लागायचं. तिथं एका दुपारी गर्दीतून एक उंच, रुंद खांद्याची व्यक्ती आली. पंजाबी ड्रेस, मानेपर्यंत केस, हनुवटीवर पावडरीखाली दाढीची निळसर झाक. खोटं कशाला सांगू, मी थबकलो. शेजारच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

"भाऊ, बांगड्या भराच्या हायेत."

"कोणाला?"

"मले. गावात भांडन झालं का सारे म्हन्तेत, हातात बांगड्या भर. म्हटलं, एकदाच्या भरूनच टाकू."

ढोसणाऱ्या बायाच आधी हसल्या, मग मीही हसलो. हा टोमणा मी जन्मभर ऐकत आलो होतो. भेकड माणसाला म्हणायचं बांगड्या भर. आमच्या मालाची होते तशी बदनामी दुसऱ्या कोणत्या मालाची होत नाही, आणि टोमणा ऐकून खरोखर दुकानात आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं. मी म्हणालो, "बसा बाई."

"बाई" हा शब्द सवयीनं निघाला. पण तिनं तो ऐकला, आणि बसताना ओढणी नीट केली.

तिचं नाव पूनम. सावलीपासून थोड्या अंतरावरच्या तलावाकाठच्या गावची. वडील वारलेले, आई सुमनबाई सावलीच्या बाजारात मासे विकायला बसायची, ती माझ्या ओळखीची. मासे पकडायचं काम पूनमचं, डोंग्यात उभं राहून जाळं फेकायचं आणि ओढायचं. हात धरला आणि मला सगळं दिसलं. दोरीचे घट्टे, अंगठ्याच्या बुडाशी लाडवाएवढं मांस. माझ्या पेटीतलं सर्वांत मोठं माप दोन-बारा, तेही बोटांच्या मुळाशी येऊन अडलं. मी धातूचं कडं पुढं केलं.

"कड्याले आवाज नाई, भाऊ. मले काचेच्याच पाह्यजे."

मग तिनं सांगितलं. नागपूरच्या एका दवाखान्यात तिचे उपचार सुरू होऊन दोन महिने झाले होते. एक गोळी अंगातलं पुरुषाचं हार्मोन दाबते, दुसरी बाईचं हार्मोन पुरवते. धाकट्या बहिणीचं, आरतीचं, लग्न एक-दोन वर्षांत करायचं होतं, आणि पूनमला त्या लग्नात चुड्याच्या दिवशी घरच्या बायांच्या रांगेत बसून हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. आईला विचारलं, तर आई नाही म्हणाली नाही. पण तिनं एक अट घातली.

"माय म्हन्ते, बस. पन तुया हातात एक बी वाढली नाई पाह्यजे. त्या दिवशी काच वाढली तर सारा गाव तुलेच बोट दाखवंन, अन् आरतीच्या संसाराले नाट लागली म्हनंन. म्हून विचारतो, भाऊ... विचारते. गोळ्यांनं हात लहान होईन का?"

इथं मी चूक केली. हार्मोन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण बांगडी अडली की काय म्हणायचं ते ठाऊक होतं. मी म्हणालो, "उतरेल की. दोन-सहापर्यंत आणू आपण."

पुढं दर दोन-तीन महिन्यांनी नागपूरहून परतताना ती दुकानात यायची आणि हात पुढं करायची. तिचं बदलणं मी असं बांगडीतूनच पाहिलं. आधी कातडी मऊ झाली, घट्ट्यांच्या कडा विरघळल्या. मग अंगठ्याचा लाडू हळूहळू बसायला लागला. सहा-सात महिन्यांनी दोन-बारा सहज गेली. दंड बारीक झाले, जुन्या बाह्या ढगळ झाल्या. बाकीची खबर ती स्वतःच द्यायची.

"भाऊ, काट्यावर वजन तेवढंच हाय, पन सामान इकडचं तिकडं सरकून राह्यलं. खांद्यावरचं कमरेवर चाल्लं." दुसऱ्या वेळी म्हणाली, छातीत गाठ धरल्यासारखं दुखतं, डॉक्टरबाई म्हणाल्या की हे होणारच, मुलींना वयात येताना होतं तसंच, आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. अंगावरचे केस विरळ झाले, दाढी मात्र हटेना. आवाजही तोच. "आवाजाले गोळी नाई म्हन्तेत. मी फोनवर 'हॅलो' म्हटलं का गॅसवाला अजून बी 'बोला भाऊ' म्हन्ते."

एक गोष्ट मात्र ती हसून सांगायची नाही. जाळं पूर्वीसारखं लांब जात नव्हतं. भरलेलं जाळं ओढताना दंड थरथरायचे. सुमनबाई मला बाजारात म्हणाल्या होत्या, "भाऊ, हात लहान होईन तवा होईन, जाळं कोन ओढंन? मी काय माशायले जवळ या म्हनू का?" घर त्या हातांवर चालत होतं. पूनमला ते कळत होतं आणि तरी तिला ते हात नको होते. असं दोन्हीकडून ओढलेलं माणूस मी जवळून पहिल्यांदाच पाहत होतो.

वर्षानंतर दोन-दहा साबण लावून गेली. मी पैज जिंकल्यासारखा हसलो. पण पुढं गाडी तिथंच थांबली. दोन-आठ घातली की हाडाला टक्कर. तीन महिन्यांनी तेच, सहा महिन्यांनी तेच. तोवर आरतीचं लग्न ठरलं. लग्नाच्या चुड्याचा माल दोन-आठपर्यंतच येतो, त्यापुढं कोणी मागत नाही. पूनमनं विचारलं, "उतरंन ना, भाऊ?" मी म्हणालो, "उतरेल." धंद्याची जीभ होती ती, मला न विचारता चालायची.

लग्नाला दीड महिना असताना सुमनबाई दुकानात आल्या, टोपली न घेता. मासे विकणारी बाई बाजाराच्या दिवशी रिकाम्या हातानं आली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"पूनम डोंग्यात चक्कर येऊन पडली. पान्यात जात होती. नागपूरले नेते म्हटलं तर येत नाई. तुमचं आयकते ते, तुम्ही चाला."

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, हैदराबादकडच्या, पण मराठी छान बोलायच्या. त्यांनी विचारलं, "पडलीस तेव्हा नक्की काय झालं?"

पूनमच्या हातात सरावासाठी मी दिलेल्या मोठ्या मापाच्या बांगड्या असायच्या. ती खाली मान घालून म्हणाली, "सहा वाढल्या."

डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. "सहा? सहा वाढवल्या? कोणाला विचारून?"

"नाई जी, सहा बांगड्या," पूनम घाबरून म्हणाली. "गोळ्या तर दोनच वाढवल्या."

सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. लग्न जवळ आलं, हात उतरेना, म्हणून पोरीनं महिन्याभरापासून आपल्या मनानं गोळ्या दुप्पट केल्या होत्या. बांगडीच्या भाषेनं तिला खरं बोलायला लावलं.

डॉक्टरबाईंनी आधी तिचे पाय तपासले, सूज आहे का ते पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. मग चांगलं खडसावलं. जास्त गोळ्यांनी काम लवकर होत नाही. रक्तदाब उतरतो, चक्कर येते, अंगातल्या क्षारांचा तोल जातो, आणि पायात रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेततं. नंतर त्यांनी तिचा पंजा हातात घेतला.

"हार्मोननं स्नायू कमी होतात, कातडी मऊ होते, चरबी जागा बदलते. ते झालं आहे, छान झालं आहे. पण वाढ पूर्ण झालेल्या माणसाचं हाड औषधानं लहान होत नाही. उंची तीच राहते, खांद्यांची चौकट तीच, पंजाही तोच. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना? मग हात उतरेल असं तुला कोण म्हणालं?"

पूनमनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझं खोटं माझ्यासमोर बसलं होतं. मांस दबतं, हाड दबत नाही, हे वडिलांनी मला लहानपणी शिकवलं आणि मी एका पोरीला बरोबर उलटं सांगत राहिलो. मी म्हणालो, "मी म्हणालो, डॉक्टर. मी बांगडीवाला आहे. आम्ही सगळ्यांनाच म्हणतो."

"मग आता म्हणू नका," त्या म्हणाल्या. इतकं छोटं आणि इतकं लागणारं औषध मला कोणी दिलं नव्हतं.

परतताना एसटीत मी पूनमची माफी मागितली. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मले मनातून मालूम होतं, भाऊ. डाक्टरीनबाईनं सांगतलंच होतं. पन तुमी एवढ्या खातरीनं म्हनत होते, मले वाटलं बांगड्यातलं तुमालेच जास्त कळन." मला त्या दिवशी धंद्याची लाज वाटली. आणि नागभीड ओलांडता ओलांडता एक साधी गोष्ट डोक्यात आली, जी दीड वर्षं आली नव्हती. हात बांगडीपर्यंत उतरत नसेल, तर बांगडी हातापर्यंत चढवावी. घरी पोचल्याबरोबर मी व्यापाऱ्याला फोन लावला. चुड्याची हिरवी काच, तीच नक्षी, दोन-दहाच्या मापात, करून घ्या. तो म्हणाला, एवढ्या मोठ्या नवरीचं लग्न कुठं आहे? मी म्हणालो, तुम्ही माल पाठवा. दोन डझन मागवल्या. एक डझन हातासाठी आणि एक डझन माझ्या भीतीसाठी.

चुड्याच्या दिवशी अंगणात चटया पडल्या होत्या. आधी नवरीच्या हातात बांगड्या भरायच्या, मग घरच्या बायांच्या. आत्या, मावश्या, काकू ओळीनं बसल्या होत्या आणि शेवटी हिरव्या साडीत पूनम. ओळीतल्या दोन-चार नजरा तिच्याकडे तिरप्या जात होत्या. मी आरतीचा हात धरला. दोन-चारचा हात, मेणासारखा मऊ, डोळे मिटून भरावा असा. मी डोळे मिटले नाहीत, पण ते वळत होते ओळीच्या टोकाकडे. दोन-दहा खरंच जाईल ना, साबण लावावा की तेल, घामानं हात फुगला तर नसेल. अंगठ्यात कळ आली, दाब तिरका पडला, आणि कट् असा आवाज झाला.

नवरीच्या हातात, चुड्याच्या दिवशी. चाळीस वर्षांत माझ्या हातून हे कधी झालं नव्हतं. ओरखडाही उठला नाही, पण हिरवे दोन तुकडे चटईवर पडले आणि सगळ्या बाया त्यांच्याकडे पाहायला लागल्या. एक म्हातारी आत्या तोंडाला पदर लावून पुटपुटली, "मी म्हनतच होती, या रांगेत..." तिनं वाक्य पुरं केलं नाही, पण नजर पूनमवर टाकली. पूनम उठायला लागली. चूक माझी, हात आरतीचा, आणि उठत होती ती.

सुमनबाई ओट्यावरून खाली आल्या. चटईवरचे दोन्ही तुकडे त्यांनी उचलून पदरात घेतले.

"वाढली," त्या शांतपणे म्हणाल्या. "बराबर हाय. या घरात एक लेक वाढली ना." आणि ओळीच्या टोकाकडे पाहून म्हणाल्या, "बस खाली, पूनम. भाऊचं काम व्हाचं हाय अजून."

आत्यानं पदर तोंडावरून काढला. शब्द तिच्याच पिढीचा होता. आरती तर हसायलाच लागली आणि दुसरा हात पुढं करून म्हणाली, "भरा भाऊ, आता नाई वाढत."

सगळ्यांच्या शेवटी पूनमचा हात माझ्या हातात आला. थंडगार आणि ताठ. बांगडी बोटांच्या मुळाशी अडली. इतक्या वर्षांची जीभ, ती तिच्या वळणावर गेलीच.

"माहेर कोणतं, बाई?"

विचारल्यावर माझं मला कळलं की हा प्रश्न मी तिला कधीच विचारला नव्हता. मग तिनं अंगणाकडे पाहिलं, ओट्यावर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं.

"हेच जी," ती म्हणाली. "हेच घर."

हात सैल पडला. बांगडी पार झाली, तिच्यामागून दुसरी, तिसरी. सहा आणि सहा, आणि डाव्या हातात रिवाजाप्रमाणे वरची एक आशीर्वादाची. तेरातली एकही वाढली नाही. बांगड्या भरून झाल्यावर बाया आम्हाला नमस्कार करतात, तसा तिनं वाकून केला. कुमारिकेला द्यायचा, सवाष्णीला द्यायचा, असे माझे आशीर्वाद ठरलेले असतात. त्या वेळी एकही आठवला नाही. मी म्हणालो, "हात लहान नाही तुझा, पोरी. दोन-दहा आहे. छान आहे." चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला माप खरं सांगण्याची ती माझी पहिली वेळ.

दोन डझनांतल्या अकरा उरल्या. मुलगा म्हणाला, बाबा, हा माल पडून राहणार, दोन-दहाचं गिऱ्हाईक तालुक्यात एकच आहे. मी म्हणालो, मग तो तिच्यासाठीच पडून राहू दे.

परवा तिचा फोन आला. 'हॅलो' ऐकून मी ओळखलं, आवाज तोच आहे.

"भाऊ, तीन वाढल्या."

"पुन्हा चक्कर आली का? गोळ्या बरोबर घेतेस ना?"

"गोळ्या बरोबर हायेत. जाळं फेकून राह्यली होती. आता दंडानं नाई फेकत, कमरेतून फिरवून फेकते. सामान तिकडंच गेलं ना सारं. आज पयल्यांदा पह्यलेएवढं दूर गेलं."

"आणि मासे?"

"माय टोपली घेऊन बजारात गेली."

मी कपाट उघडून मोजलं. अकरातल्या तीन तिला दिल्या की आठ उरतात. तिला सांगितलं, हळू फेकत जा, व्यापारी पुन्हा एवढ्या मापाच्या करून देईल की नाही सांगता येत नाही. ती म्हणाली, "देईन जी. तुमी सांगा त्याले, इथी लेक वाढली हाय."